आरएक्स-७ एफडी: नळ्या बदलूनही बूस्ट पुन्हा का जातो?

"दादा, सगळ्या व्हॅक्यूम नळ्या नव्या टाकल्या, महिनाभर गाडी झकास पळाली, आणि आता पुन्हा साडेचार हजार आरपीएमला दम टाकतेय." तिसऱ्या पिढीच्या माझदा आरएक्स-७ चे, म्हणजे एफडी३एसचे, मालक भेटले की हे वाक्य थोड्याफार फरकाने कानावर येतंच. मी न्यूझीलंडमध्ये राहतो. इथे जपानमधून आलेल्या जुन्या गाड्या भरपूर आहेत, त्यामुळे ही तक्रारही भरपूर. मग कोणी सांगतं, हा दोन टर्बोंचा सगळा पसारा काढून टाक आणि एकच मोठा टर्बो बसव. ज्याला हवं त्याने तसं जरूर करावं. पण मूळ रचनेत दोष आहे म्हणून बूस्ट, म्हणजे टर्बोने इंजिनात कोंबलेल्या हवेचा दाब, जातो, हे मला पटत नाही. तपासणी चुकीच्या टोकाकडून होते, म्हणून तो जातो. स्मोक टेस्ट (धूर सोडून गळती शोधणं) पास झालेल्या गाडीतही अर्धी व्हॅक्यूम यंत्रणा न तपासलेलीच राहते. ते कसं, ते पुढे सांगतो.

आधी थोडी पार्श्वभूमी. एफडी १९९१ च्या अखेरीस जपानमध्ये आली आणि २००२ पर्यंत बनत राहिली. इंजिन १३बी-आरईडब्ल्यू, रोटरी, म्हणजे पिस्टनऐवजी फिरणारे त्रिकोणी रोटर: दोन रोटर, प्रत्येकी ६५४ सीसी. त्याला दोन टर्बो आहेत आणि ते एकामागून एक लागतात. साधारण ४,५०० आरपीएमपर्यंत पहिला टर्बो एकटा राबतो, मग दुसरा त्याला येऊन मिळतो. ही जुळणी करायला हवा आत नेणाऱ्या मॅनिफोल्डखाली सोलेनॉइडची (विजेवर उघडझाप होणाऱ्या छोट्या व्हॉल्व्हची) एक तबकडी आहे आणि तिथून डझनावारी बारीक नळ्या निघतात. इंटेक मॅनिफोल्ड उचलल्यावर खाली जे दिसतं ते फणीत अडकलेल्या गुंतवळासारखं असतं. त्यात उष्णता. रोटरी इंजिनात हवा आत जायची आणि धूर बाहेर पडायची तोंडं एकाच बाजूला असतात, स्पार्क प्लग दुसऱ्या बाजूला. म्हणजे या नळ्या नेमक्या तापलेल्या टर्बोंच्या शेजारी. तीस वर्षं भाजलेलं रबर हातात घेतलं की बिस्किटासारखं मोडतं, यात नवल नाही.

घड्याळ काय सांगतं

बूस्टचं घड्याळ नसेल तर आधी ते बसवा. नुसत्या 'पिकअप कमी वाटतो' या वर्णनावर या गाडीत काहीही शोधता येत नाही. ठीकठाक एफडीचा बूस्ट तीन आकड्यांत सांगतात: १०-८-१०. पहिल्या टर्बोवर १० पीएसआय, बदलाच्या क्षणी ८ पर्यंत घसरण, मग दोन्ही टर्बो मिळून पुन्हा १०. घड्याळ बारमध्ये असेल तर ०.७ आणि ०.५५ च्या आसपास. तिसऱ्या गियरमध्ये, मोकळ्या आणि सुरक्षित रस्त्यावर, २,५०० पासून पूर्ण पाय दाबून वर जा आणि शेजारी बसलेल्याला तीन आकडे वाचायला सांगा. स्वतः घड्याळाकडे बघत बसू नका.

पहिला आकडाच कमी, म्हणजे ५-६ वर अडकतोय, पण ४,५०० नंतर गाडी व्यवस्थित ओढते? मग पहिल्या टर्बोने दाबलेली हवा दुसऱ्या टर्बोच्या वाटेने निसटतेय असं समजा. त्या वाटेवर चार्ज कंट्रोल व्हॉल्व्ह नावाची झडप आहे. व्हॅक्यूमने ओढून धरली तरच ती बंद राहते. व्हॅक्यूम गेला की ती आपोआप उघडते. म्हणजे इथे आधी व्हॅक्यूमच्या बाजूला शोधायचं. त्याखेरीज प्री-कंट्रोलची (दुसऱ्या टर्बोला आधीच फिरवायला थोडा धूर सोडणाऱ्या झडपेची) नळी किंवा सोलेनॉइडही पहिला आकडा खाली ओढू शकतं, त्याबद्दल पुढे बोलू.

उलट, पहिला आकडा बरोबर, पण ४,५०० नंतर बूस्ट पडतो तो पडतोच, १०-४-४ असं काहीतरी? मग दुसऱ्या टर्बोकडे धूर सोडणारी टर्बो कंट्रोलची झडप उघडत नाहीये. ती उघडायला व्हॅक्यूम पुरत नाही, दाब लागतो. हा दाब एका छोट्या टाकीत साठवलेला असतो. म्हणजे इथे दाबाची टाकी, तिचा चेक व्हॉल्व्ह (एकतर्फी झडप) आणि अ‍ॅक्च्युएटरच्या, म्हणजे झडप हलवणाऱ्या डबीच्या, दाबाच्या तोंडाची नळी बघायची.

आणि बूस्ट जास्त जात असेल तर? 'गळती असेल तर बूस्ट कमीच होणार' असं बऱ्याच जणांच्या डोक्यात पक्कं बसलंय. वेस्टगेटच्या, म्हणजे जादा धूर टर्बोला वळसा घालून सोडणाऱ्या झडपेच्या, नळीच्या बाबतीत नेमकं उलटं होतं. वेस्टगेटचा अ‍ॅक्च्युएटर दाब पोचला की उघडतो. ती नळी फाटली, निघाली किंवा तुंबली की त्याला दाब कळतच नाही, तो मिटलेला राहतो आणि बूस्ट मर्यादा ओलांडतो. गाडीचा सायलेन्सर आणि कॅटॅलिटिक काढून मोकळं एग्झॉस्ट बसवलं असेल, तर मात्र १०-८-१४ दिसल्यावर नळ्यांवर खापर फोडू नका. मूळ वेस्टगेट लहान आहे, मोकळ्या एग्झॉस्टपुढे त्याचा निभाव लागत नाही. तो वेगळा विषय.

व्हॅक्यूमचा साठा

परत येणाऱ्या तक्रारींतल्या निम्म्याहून जास्त मला इथे सापडतात, म्हणून जरा सविस्तर.

पाय दाबला आणि बूस्ट आला की मॅनिफोल्डमध्ये व्हॅक्यूम उरत नाही, तिथे दाब असतो. पण चार्ज कंट्रोलची झडप तर नेमकी बूस्ट असतानाच व्हॅक्यूमने धरून ठेवायची आहे. मग हा व्हॅक्यूम येतो कुठून? साठ्यातून. आयडलिंगला आणि पाय सोडलेला असताना एक टाकी रिकामी ओढून ठेवली जाते आणि टाकी व मॅनिफोल्ड यांच्यामध्ये एकतर्फी चेक व्हॉल्व्ह असतो. हवा टाकीतून मॅनिफोल्डकडे जाऊ शकते, उलट नाही. बूस्ट आल्यावर हा व्हॉल्व्ह मिटतो आणि साठा शाबूत राहतो. निदान तशी अपेक्षा आहे.

आता गॅरेजमध्ये स्मोक टेस्ट कशी करतात? इंटेकच्या तोंडाला बूच लावून आत हलका दाब देत धूर सोडतात. दाब आला की चेक व्हॉल्व्ह मिटला. म्हणजे धूर टाकीपर्यंत जातच नाही. टाकी, टाकीपासून सोलेनॉइडपर्यंतच्या नळ्या, त्यांचे टी-जोड, हे सगळं त्या टेस्टच्या बाहेर राहिलं. शिवाय इग्निशन बंद असताना सोलेनॉइडही आपल्या विश्रांतीच्या स्थितीत असतात, त्यामुळे त्यांच्या पलीकडच्या नळ्यांचंही काही कळत नाही. उलट एखाद्या सोलेनॉइडच्या हवा सोडायच्या फिल्टरमधून धुराची रेघ निघते, आणि ती गळती समजून चांगला सोलेनॉइड बदलला जातो. 'स्मोक टेस्ट केली, एकही गळती नाही' या वाक्यावर म्हणूनच विसंबायचं नाही.

खरी तपासणी हातपंपाने होते. ब्रेकचं तेल काढायला वापरतात तो घड्याळवाला व्हॅक्यूम पंप चालतो. टाकीकडची नळी चेक व्हॉल्व्हपासून सोडवा, पंप तिथे लावा, पाऱ्याच्या १५ इंचांपर्यंत ओढा आणि काटा बघा. मिनिटभर काटा हलता कामा नये. हळूहळू खाली यायला लागला तर एकेक शाखा चिमट्याने दाबून बंद करत जा. ज्या शाखेला दाबल्यावर काटा थांबेल, दोष त्या शाखेत. चिमट्याच्या दातांवर आधी रबरी नळीचे तुकडे चढवा, नाहीतर शोधता शोधता नवी गळती तयार कराल.

चेक व्हॉल्व्ह स्वतंत्र तपासा. टाकीकडच्या तोंडातून फुंकल्यावर हवा पार गेली पाहिजे, मॅनिफोल्डकडच्या तोंडातून फुंकल्यावर अजिबात नाही. 'अजिबात' म्हणजे अजिबात. जोर लावल्यावर फुस्स होत असेल तर तो गेला. दाबाच्या टाकीच्या व्हॉल्व्हची दिशा याच्या बरोबर उलटी: तिथे हवा टाकीत जायला हवी, परत यायला नको. आतली पडदी जुनी होऊन कडक होते. थंड असताना ती नीट बसते, तापली की कड उचलते. सकाळी पहिली फेरी ठीक आणि अर्ध्या तासाने बूस्ट गायब, असं होत असेल तर व्हॉल्व्ह हेअर ड्रायरने गरम करून पुन्हा फुंकून बघा. एवढ्यात बऱ्याचदा उलगडा होतो. आणखी एक खूण: पहिल्यांदा ओढली तेव्हा १०, पाय न सोडता लांबवर नेली तर आकडा गळत गळत ७. साठा झिरपतोय.

नवा व्हॉल्व्ह बसवताना दिशा बघून बसवा. तो दोन्ही बाजूंनी सारखाच सहज चढतो, हीच त्याची खोड. दिशेबद्दल बाणावर किंवा रंगावर विसंबू नका, फुंकून ठरवा. बाहेरच्या कंपनीच्या व्हॉल्व्हचे रंग मूळ व्हॉल्व्हप्रमाणे असतीलच असं नाही.

जुन्या नळीत राहिलेली पितळी गोळी

वेस्टगेट आणि प्री-कंट्रोल या दोन अ‍ॅक्च्युएटरांना जाणाऱ्या मूळ नळ्यांच्या आत पितळेची एक छोटी गोळी असते. तिला मधोमध अगदी बारीक भोक. बाहेरून काही दिसत नाही. जुनी नळी दोन बोटांत धरून टोकापासून टोकापर्यंत चाचपत गेलात की एका जागी बोटांना कडक गाठ लागते, तीच ती. लोक जुन्या नळ्या कापतात, कचऱ्यात टाकतात, नवी निळी सिलिकॉन नळी चढवतात आणि गोळी कचऱ्याबरोबर जाते.

ही गोळी दाब येण्याचा वेग आवळून धरते. अ‍ॅक्च्युएटरकडे येणारा दाब संगणक सोलेनॉइडमार्फत थोडा थोडा बाहेर सोडतो आणि त्यातूनच बूस्ट ठरतो. येणारी वाट मोकळी झाली की सोलेनॉइड कितीही सोडू दे, अ‍ॅक्च्युएटरला पूर्ण दाब मिळतो, तो लवकर उघडतो आणि बूस्ट स्प्रिंगच्या आकड्यावर अडकतो. वेस्टगेटची गोळी गेली की शेवटचा आकडा खाली राहतो, प्री-कंट्रोलची गेली की पहिला. नळ्या बदलल्यानंतरच गाडी मंद झाली असेल, तर सगळ्यात आधी हाच प्रश्न विचारायचा: गोळ्या कुठायत? तुंबलेल्या गोळीने उलटा परिणाम होतो, बूस्ट वर जातो. कार्ब्युरेटर क्लीनर मारून, हवेने फुंकून साफ करा. भोकात तार घालून ते मोठं करू नका. भोकाच्या मापावरच बूस्ट ठरतो.

नळी कोणती आणि कुठून न्यायची

तबकडीवरच्या बहुतेक नळ्यांना आतून ४ मिलिमीटरची सिलिकॉन नळी बसते, काही थोड्या ६ ची मागतात. स्वस्त पाकिटात येणाऱ्या सिलिकॉन नळीची भिंत पातळ असते. ती दोन बोटांत घेऊन वाकवा. वाकवल्यावर आतून चपटी होत असेल तर ती व्हॅक्यूमला नको, कारण गरम होऊन मऊ पडली की व्हॅक्यूमनेच ती आत खेचली जाते आणि वाट बंद होते. गाडी थंड झाल्यावर नळी पुन्हा गोल. शोधून शोधून माणूस वेडा होतो. भिंत निदान २ मिलिमीटर जाडीची घ्या. आणि जिथे पेट्रोलची वाफ किंवा इंजिन ऑइल येतं, म्हणजे कॅनिस्टरच्या पर्जची नळी आणि क्रँककेसच्या वाफेची नळी, तिथे सिलिकॉन घालू नका. ती तेल-पेट्रोलने फुगते आणि टोकं सैल होतात. तिथे इंधनाला चालणारी रबरी नळीच हवी.

नळी नेताना मी तीन गोष्टी पाळतो. टर्बोच्या उष्णतारोधक पत्र्याला कुठेही टेकू द्यायची नाही. निदान बोटभर अंतर. वळण घट्ट होत असेल तर लांबी वाढवून ते सैल घ्यायचं, ओढून सरळ करायचं नाही. आणि इंजिन हलतं हे लक्षात ठेवून, इंजिनावरून बॉडीकडे जाणाऱ्या नळीला थोडी ढील ठेवायची. टोकं पकडायला केबल टाय आवळणाऱ्यांना माझी विनंती, हलक्या हाताने आवळा. सिलिकॉन मऊ असतं, टायची कड त्यात रुतते आणि काही महिन्यांनी नेमक्या त्याच रेषेत नळी फाटते. 'महिनाभर चालली आणि गेली'चं हे आणखी एक कारण.

जुनी नळी काढताना पक्कड लावून ओढू नका. सोलेनॉइडची प्लास्टिकची तोंडं इतकी कडक झालेली असतात की नळीबरोबर तोंडच हातात येतं. ब्लेडने नळीला उभा छेद द्या आणि साल काढावी तशी सोलून घ्या. काढण्याआधी प्रत्येक तोंडावर आणि प्रत्येक नळीवर टेपने क्रमांक लावा, फोटो वेगवेगळ्या कोनांतून घ्या. पण फोटोवरही पूर्ण भरवसा नको, कारण तुमच्या आधीच्या मालकाने जोडणी चुकीची केली असेल तर तुम्ही तीच चूक जशीच्या तशी उतरवाल. कारखान्याच्या आकृतीशी ताडून घ्या, आणि आकृती तुमच्याच सालाची आणि तुमच्याच देशाच्या मॉडेलची हवी. १९९६ मध्ये जपानी गाड्यांना १६-बिटचा संगणक आला, व्हॅक्यूमची जोडणी सुटसुटीत झाली. अमेरिकेत एफडी १९९५ नंतर विकलीच गेली नाही. म्हणजे इंटरनेटवरची अमेरिकन आकृती समोर ठेवून १९९७ च्या जपानी गाडीच्या नळ्या जोडायला बसलात तर काही नळ्या उरतील आणि काही तोंडं उघडी राहतील.

विजेचे कनेक्टरही नळ्यांइतकेच महत्त्वाचे. तबकडीवर ते दिसायला एकसारखे आहेत. नळ्या शंभर टक्के बरोबर, पण दोन कनेक्टर अदलाबदल झाले, तर लक्षणं थेट चुकीच्या नळीसारखीच. कनेक्टरही भाजून ठिसूळ झालेले असतात, कुलुपाची जीभ दाबली की तुकडा पडतो. हाताशी चार-दोन नवे असू द्या.

दोन नळ्या ज्यांच्याशी खेळ नको

बाकीच्या नळ्या चुकल्या तर गाडी मंद पडते, फार तर बूस्ट चढतो. पण मॅनिफोल्डचा दाब मोजणाऱ्या सेन्सरची नळी आणि पेट्रोलच्या दाबाच्या रेग्युलेटरची नळी, या दोन चुकल्या तर इंजिन जातं. सेन्सरची नळी बूस्टमध्ये निघाली की संगणकाला बूस्ट दिसत नाही, पेट्रोल कमी पडतं. रेग्युलेटरची निघाली तर बूस्टच्या प्रमाणात पेट्रोलचा दाब वाढत नाही, परिणाम तोच. पातळ मिश्रण, डिटोनेशन (मिश्रणाचा अवेळी स्फोट), आणि रोटरच्या टोकावरची एपेक्स सील तुटली की इंजिन उघडण्यावाचून गत्यंतर नाही. म्हणून या दोन नळ्या वेगळ्या रंगाच्या घ्या, लांबी कमीत कमी ठेवा, आणि त्यांच्यावर टी टाकून बूस्टचं घड्याळ किंवा आणखी काही जोडायचा मोह टाळा. घड्याळासाठी मॅनिफोल्डवर वेगळं तोंड शोधा.

मॅनिफोल्ड उघडलंच आहे तर

मेटरिंग ऑइल पंपाच्या प्लास्टिकच्या बारीक नळ्या तिथेच आहेत. त्या इंजिन ऑइल आत सोडून एपेक्स सीलला वंगण देतात. धक्का लागला तरी तुटतात, आणि तुटलेली लक्षात आली नाही तर इंजिन कोरडं चालतं. त्यांना हात न लावता काम करणं जवळपास अशक्य, तेव्हा नव्या आणूनच सुरुवात करा. पेट्रोलच्या रबरी नळ्या आणि पल्सेशन डँपरही (पेट्रोलच्या दाबातले हेलकावे शमवणारा भाग) बघून घ्या. या गाडीत डँपर गळून बोनेटखाली आग लागल्याची उदाहरणं आहेत. डँपरच्या स्क्रूपाशी ओल किंवा वास आला तर तो बदलल्याशिवाय मॅनिफोल्ड परत बसवू नका. गॅस्केट नवं घ्या, हे सांगायला नकोच.

आणि एक जे व्हॅक्यूमचं नाही: अर्धा पाय दाबून ३,००० आरपीएमला गाडी हलकेच अडखळते, बूस्ट मात्र तिन्ही टप्प्यांत व्यवस्थित, असं असेल तर नळ्या सोडा. आधी अर्थिंगच्या जागा घासून साफ करा, बऱ्याचदा तेवढ्याने भागतं.

जोडणी झाली की तपासणी गाडी गरम करून करा. निदान अर्धा तास फिरवा, मग तेच तिसऱ्या गियरचं ओढणं, लागोपाठ दोनदा, मध्ये गाडी न थांबवता. दोन्ही वेळचे तीन-तीन आकडे लिहून काढा. दुसऱ्या वेळी पहिला आकडा खाली आला तर व्हॅक्यूमच्या टाकीकडे जा, शेवटचा आला तर दाबाच्या. आणि पहिल्याच फेरीत ११ च्या वर काटा गेला, तर पाय तिथल्या तिथे सोडा, गाडी हळू घरी आणा आणि वेस्टगेटच्या नळीपासून सुरुवात करा.